दोन राज्यांची कमाई, एक अर्ज

आधीच सांगून टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण जो विषय सांगायचाय तो घरात मराठीतच कळला, म्हणून मराठीतच लिहितेय.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, मेकॅनिकल इंजिनियर. ग्रीन कार्डवर अमेरिकेत आहे. ओहायोतल्या कोलंबसला काही वर्षं नोकरी केली. 2024 च्या मार्चच्या मध्यावर जास्त पगाराची नोकरी मिळाली म्हणून बायको-मुलीला घेऊन पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला गेला. जुलैअखेर नव्या कंपनीने कपात केली आणि दादा घरी बसला. नाशिकला मावशीला त्याने काहीच सांगितलं नाही. मला मात्र रात्री मेसनंतर फोन करायचा.

ऑगस्टमध्ये त्याने बेकारी भत्त्यासाठी पेनसिल्व्हेनियात अर्ज केला. उत्तर आलं, तुमची कमाई पुरेशी नाही, तुम्ही अपात्र! एवढी वर्षं नोकरी करणारा माणूस अपात्र कसा? इथूनच खरा अभ्यास सुरू झाला.

पहिली गोष्ट म्हणजे ही मदत भीक नाही, विमा आहे. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने त्याची देशभरची चौकट घातली, पण योजना प्रत्येक राज्य आपापली चालवतं. पैसा येतो मुख्यतः मालकांनी भरलेल्या करातून. पेनसिल्व्हेनियात तर कामगाराच्या पगारातूनही थोडी रक्कम कापली जाते. दादाने स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर ती ओळ पाहिली, तेव्हा कुठे त्याची लाज थोडी कमी झाली.

दुसरी गोष्ट, कमाई कधीची धरतात? साधारण नियम असा की शेवटच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार धरायच्या. ऑगस्ट 2024 च्या अर्जाला हा काळ येतो एप्रिल 2023 ते मार्च 2024. म्हणजे एप्रिल ते जुलैचे ताजे पगार हिशोबातच नाहीत! चालू सेमिस्टरचे मार्क न धरता मागच्या वर्षाच्या मार्कशीटवर निकाल लावावा, तसं. आता बघा, त्या काळात दादाची पेनसिल्व्हेनियातली कमाई जेमतेम दोन आठवड्यांची. बाकी सगळी ओहायोची. नापास होणारच.

मग ओहायोची कमाई पाण्यात गेली का? नाही. वेगवेगळ्या राज्यांतली कमाई एकत्र करून एकच दावा करता येतो. अर्जात प्रश्न असतो, गेल्या दीड वर्षात दुसऱ्या राज्यात काम केलंत का? दादाला वाटलं, हे आत्ताच्या नोकरीबद्दल विचारतायत, म्हणून त्याने 'नाही' लिहिलं. एवढ्या एका शब्दाने सगळं अडलं. फोनवर तासन्‌तास थांबून त्याने ते दुरुस्त करून घेतलं, ओहायोचे पगाराचे कागद पाठवले. मग पेनसिल्व्हेनियाने ओहायोकडून कमाईची नोंद मागवली आणि दावा मंजूर झाला. अशा वेळी पैसे एकच राज्य देतं, दुसरं राज्य आपल्या वाट्याची रक्कम त्याला भरून देतं. ते त्यांचं ते बघतात, आपण फिरायचं नाही.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, तुम्ही राहता कुठे यापेक्षा काम कुठे केलं हे महत्त्वाचं. न्यू जर्सीत राहून रोज न्यूयॉर्कला कामाला जाणाऱ्याचा दावा न्यूयॉर्ककडे जातो.

दोन, ज्या राज्यात त्या काळात कमाई झाली आणि जिथले नियम तुम्ही पुरे करता, अशाच राज्यातून निवड करता येते. आणि रक्कम, आठवडे सगळं त्या पैसे देणाऱ्या राज्याच्या नियमाने. बऱ्याच राज्यांत कमाल 26 आठवडे मिळतात. फ्लोरिडात बेकारी कमी असली की फक्त 12, आणि आठवड्याला जास्तीत जास्त 275 डॉलर. म्हणून अर्ज टाकण्याआधी दोन्हीकडचा आकडा विचारून घ्यावा.

तीन, निकाल लागेपर्यंत ठरलेल्या मुदतीत 'अजून बेकार आहे, काम शोधतोय' हे कळवत राहायचं. दादा चिडून ते सोडणारच होता. वहिनीने सोडू दिलं नाही, म्हणून अडकलेल्या आठवड्यांचे पैसेही नंतर मिळाले.

आपल्यातले जे एच-वन-बी व्हिसावर जातील त्यांनी मात्र यावर विसंबू नये. दावा करणारा लगेच कुठेही कामाला लागायला मोकळा असावा लागतो, आणि त्यांचा व्हिसा मालकाला बांधलेला. त्यामुळे त्यांना हा भत्ता सहसा मिळत नाही.

दादाला नोव्हेंबरमध्ये नोकरी लागली, तेव्हा त्याने मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आधी सांगितलं असतंस तर मी काय रागावले असते?" दादाकडे उत्तर नव्हतं.

प्लेसमेंटच्या गडबडीत आपण पॅकेज विचारतो, नोकरी गेली तर काय हे कोणी विचारत नाही. तेव्हा जिथे जाल तिथले पगाराचे कागद जपून ठेवा, अर्जातला प्रश्न दोनदा वाचा. आणि घरी फोन करा.