डोळे न उघडलेलं पिल्लू सापडलं तर...

जिन्याखाली किंवा टाकीमागे मांजराचं एकटं पिल्लू दिसलं, तर लगेच उचलू नका. जागा बदलताना मांजरी पिल्लं एकेक करून नेते. लांबून दोन-तीन तास वाट पाहा. पिल्लू गार पडलं असेल, तर मात्र थांबू नका.

आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आणि घाईत नेमकं हेच विसरलं जातं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा. हैदराबादच्या मे महिन्यातही खोका कूलरच्या झोतापासून दूर हवा. गाईच्या दुधानं जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं दूधच दर २-३ तासांनी, रात्रीही, पालथं धरून पाजा. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसा. पहिले तीनेक आठवडे पिल्लाला आपणहून शू-शी करता येत नाही. जन्मतः साधारण १०० ग्रॅम असलेलं वजन रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढायला हवं.

मदत लागली, तर हैदराबादेत अमला अक्किनेनी यांनी १९९२मध्ये स्थापलेली ‘ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद’ ही संस्था आहे. पिल्लानं दूध ओढणं थांबवलं, तर सकाळ उजाडायची वाट पाहू नका, पशुवैद्याकडे न्या.