नियामक अनेक, रुग्ण एक : व्यवसाय नियामकांच्या सामायिक नियोजनाची गरज

भिलाई पोलाद प्रकल्पात ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक भट्टीच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना स्फोट होऊन आग भडकली. या दुर्घटनेत दहाहून अधिक कर्मचाऱ्यांना प्राण गमवावे लागले. गंभीररीत्या भाजलेल्यांना सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्रात दाखल करण्यात आले. अशा रुग्णाच्या उपचारात शल्यचिकित्सक, परिचारिका, औषधनिर्माता, भूल विभागातील तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि पुढे कित्येक महिने फिजिओथेरपिस्ट अशा अनेकांचा वाटा असतो. रुग्णाच्या दृष्टीने हा एकच चमू असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांतील प्रत्येकाची पात्रता, नोंदणी आणि शिस्तभंगाची चौकशी यांची व्यवस्था निराळी असते.

या निरनिराळ्या व्यवस्थांमध्ये मेळ कसा घालावा, हा प्रश्न आज नियामक संस्थांपुढे आहे. व्यवसाय नियामकांनी एकत्र येऊन काही वर्षांचा सामायिक आराखडा आखावा, या कल्पनेचे मूळ याच प्रश्नात आहे.

नियामक संस्थेचे काम कोणते?

व्यवसाय नियामक संस्थेची कामे मुख्यतः चार असतात. शिक्षणाचा किमान दर्जा ठरवणे, पात्र व्यक्तींची नोंदवही ठेवणे, वर्तनाचे नियम घालून देणे आणि नियमभंग झाल्यास चौकशी करून कारवाई करणे. व्यावसायिकांची संघटना आणि नियामक संस्था यांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. संघटना सभासदांच्या हितासाठी झटते, तर नियामक संस्था त्या व्यवसायाची सेवा घेणाऱ्या नागरिकांच्या संरक्षणासाठी असते. तिचा खर्च बहुतांशी नोंदणी शुल्कातून भागत असला, तरी तिचे उत्तरदायित्व जनतेशी असते.

भारतात ही व्यवस्था व्यवसायागणिक उभी राहिली. परिचारिकांसाठी १९४७ मध्ये, औषधनिर्माते व दंतवैद्य यांच्यासाठी १९४८ मध्ये, सनदी लेखापालांसाठी १९४९ मध्ये, वकिलांसाठी १९६१ मध्ये आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ मध्ये केंद्रीय कायदे झाले. डॉक्टरांच्या बाबतीत १९५६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने घेतली. परिचर्या आणि दंतवैद्यक या क्षेत्रांतही परिषदांऐवजी आयोग नेमण्याचे कायदे २०२३ मध्ये संमत झाले. अभियंत्यांचे शहर म्हणून भिलाई ओळखले जाते. पण डॉक्टर किंवा वकिलाप्रमाणे अभियंत्याला नोंदणी सक्तीची करणारा केंद्रीय कायदा झालेला नाही. याउलट, त्याच शहरातील औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरील औषध देणारी व्यक्ती नोंदणीकृत औषधनिर्माता असणे कायद्याने बंधनकारक आहे.

राज्यांच्या सीमा आणि नोंदवह्या

अनेक व्यवसायांच्या मूळ नोंदवह्या राज्यस्तरीय परिषदांकडे असतात. त्यामुळे राज्यांच्या सीमा बदलल्या की नोंदणीचे कार्यालयही बदलते. भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याच्या राज्याची राजधानी १९५६ पर्यंत नागपूर होती. राज्य पुनर्रचनेनंतर ती भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड अस्तित्वात आल्यावर रायपूर झाली. अर्धशतकाच्या आत एकाच जिल्ह्याचे प्रशासकीय केंद्र दोनदा बदलले.

दुर्ग व राजनांदगाव येथून रेल्वेने नागपूर गाठणे सोपे आहे आणि शिक्षण व नोकरीसाठी दोन्ही बाजूंनी ये-जा होत असते. तथापि, छत्तीसगडमध्ये नोंदणी झालेल्या परिचारिकेला महाराष्ट्रात काम करायचे असल्यास येथील परिषदेकडे नोंदणीची प्रक्रिया करावी लागते. या दरम्यान तिच्याविरुद्ध एखाद्या राज्यात कारवाई झाली असेल, तर ती माहिती दुसऱ्या राज्याला वेळेवर मिळणे महत्त्वाचे ठरते. नोंदवह्या परस्परांशी जोडलेल्या नसतील, तर प्रामाणिक व्यक्तीला विलंब सोसावा लागतो आणि अप्रामाणिक व्यक्तीला पळवाट सापडते.

२०२१ च्या कायद्याचे महत्त्व

रुग्णालयातील तंत्रज्ञांचा मोठा वर्ग दीर्घकाळ कोणत्याही राष्ट्रीय नियमनाच्या कक्षेबाहेर होता. काही राज्यांनी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी राज्य परिषद स्थापन करणारा कायदा झाला. मात्र देशभर एकसारखे मापदंड नव्हते. डॉक्टरविरुद्ध तक्रार कोठे करावी हे रुग्णाला सांगता येत होते. तपासणीचा चुकीचा अहवाल देणाऱ्या तंत्रज्ञाविरुद्ध कोठे जावे, याचे उत्तर अनेक राज्यांत नव्हते.

ही उणीव दूर करण्यासाठी संसदेने मार्च २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संमत केला. त्याच्या कक्षेत ५६ व्यवसाय असून त्यांची विभागणी १० गटांत करण्यात आली आहे. वैद्यकीय प्रयोगशाळा, भौतिकोपचार, पोषणशास्त्र, क्ष-किरण व प्रतिमाचित्रण यांबरोबरच अपघात व भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा आणि भूल-शस्त्रक्रिया तंत्रज्ञान यांचाही त्यात स्वतंत्र गट आहे. पोलाद कारखाना असलेल्या शहराच्या दृष्टीने या गटाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाने किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाने किमान ३,६०० तासांचे शिक्षण घेतलेले असावे लागते. राज्य परिषदांनी राज्याची नोंदवही ठेवावी आणि आयोगाने केंद्रीय नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. वेगवेगळ्या व्यवसायांना एका छताखाली आणणारी ही रचना नियामकांच्या महासंघाच्या कल्पनेला बरीच जवळची आहे. कायदा झाला तरी राज्य परिषदा स्थापन होण्यास विलंब झाला. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांत अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले.

समन्वयाचे आणखी एक उदाहरण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यात आढळते. आधुनिक वैद्यक, होमिओपॅथी आणि भारतीय चिकित्सा पद्धती यांच्या नियामकांनी वर्षातून किमान एकदा संयुक्त बैठक घ्यावी, असे त्याच्या ५० व्या कलमात म्हटले आहे.

अन्य देशांतील प्रयत्न

अमेरिकेत १९८० मध्ये स्थापन झालेली ‘कौन्सिल ऑन लायसेन्शर, एन्फोर्समेंट अँड रेग्युलेशन’ ही नियामकांचीच संघटना आहे. ती स्वतः कोणालाही परवाना देत नाही. परीक्षा, चौकशी आणि प्रशासन यांतील अनुभवांची देवाणघेवाण तसेच चौकशी अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण हे तिचे काम आहे. ब्रिटनमध्ये आरोग्य व समाजसेवा क्षेत्रातील १० नियामकांच्या कामावर एक स्वतंत्र प्राधिकरण देखरेख ठेवते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१० पासून प्रांतनिहाय नोंदणीऐवजी राष्ट्रीय नोंदणी योजना स्वीकारली. आरंभी तीत १० व्यवसाय होते. २०१२ मध्ये आणखी चार आणि २०१८ मध्ये रुग्णवाहिकेवरील पॅरामेडिक यांचा समावेश झाला. स्वेच्छेने एकत्र येणे, वरून देखरेख ठेवणे आणि एकच योजना राबवणे असे तीन मार्ग या उदाहरणांतून दिसतात.

आराखड्यात काय असावे?

नियामकांच्या सामायिक आराखड्यात कार्यक्रमांच्या यादीपेक्षा प्राधान्यक्रम महत्त्वाचा ठरतो. पहिले स्थान कोणालाही पाहता येईल अशा अद्ययावत नोंदवहीला द्यावे लागेल. त्यानंतर तक्रारीसाठी एकच प्रवेशद्वार हवे; कोणती तक्रार कोणत्या परिषदेकडे जाते हे शोधण्याचे ओझे रुग्णाच्या नातेवाइकांवर असू नये. राज्याराज्यांतील नोंदणीची परस्पर मान्यता, चौकशी पूर्ण करण्याची कालमर्यादा आणि मनुष्यबळाची विश्वसनीय आकडेवारी हे पुढील टप्पे होत. प्रत्येक उद्दिष्टासाठी जबाबदार संस्था, मुदत व निधी ठरलेला नसेल, तर आराखडा कागदावरच राहतो. २०२१ च्या कायद्याच्या बाबतीत न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली, यावरून हे स्पष्ट होते.

अशा एकत्रीकरणाला मर्यादाही आहेत. भौतिकोपचारातील चूक कोणती आणि प्रयोगशाळेतील चूक कोणती, हे त्या त्या विषयाचे जाणकारच ठरवू शकतात. म्हणून व्यावसायिक निर्णय स्वतंत्र ठेवून नोंदवही, तक्रार आणि माहिती यांची व्यवस्था सामायिक करणे हा मध्यम मार्ग ठरू शकतो. तो स्वीकारला गेल्यास भाजलेल्या कामगाराच्या कुटुंबाला, उपचार करणाऱ्या चमूतील प्रत्येक व्यक्ती पात्र आहे काय, हे एकाच ठिकाणी पडताळून पाहता येईल.