जीर्णोद्धार : एका शब्दाची वंशावळ

पनवेलजवळच्या गव्हाण परिसरात १९७० पासून, म्हणजे नवी मुंबईच्या भूसंपादनापासून, दोन शब्द सतत कानी पडत आले आहेत : पुनर्वसन आणि नूतनीकरण. जैन कुटुंबांच्या बोलण्यात तिसरा एक शब्द असतो, जीर्णोद्धार. अर्थ जवळचे वाटतात, पण हिशेब वेगळा आहे. मुदत ठेवीचे नूतनीकरण झाले की जुनी पावती रद्द होते; जीर्णोद्धारात जुने रद्द होत नाही.

‘जीर्ण’ हे ‘जॄ’ या धातूपासून आले. झिजणे, वय होणे आणि पचणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. म्हणूनच ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि न पचलेले ते ‘अजीर्ण’. आपला साधा ‘जुना’ही याच घराण्यातला. ‘उद्धार’ म्हणजे उद् + हृ, वर उचलून घेणे. संधीत ‘ह’चा ‘ध’ झाला.

व्यापारी वाचकांना मौज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. दुकानातल्या पाटीवरचा ‘उधार’ हा या ‘उद्धारा’चाच बोलीतला वंशज. मनुस्मृतीत वाटणीच्या वेळी थोरल्या भावासाठी आधी उचलून ठेवलेल्या विसाव्या हिश्श्यालाही ‘उद्धार’ म्हटले आहे. उचललेले धन, उचललेली उसनवारी आणि उचलून धरलेले देऊळ, सारे एकाच शब्दाचे. (भांडणात पूर्वजांचा होतो तो ‘उद्धार’ निराळा!)

श्वेतांबर परंपरेत शत्रुंजयाचे सोळा मोठे उद्धार मानले जातात. विध्वंसानंतर विक्रम संवत १३७१ मध्ये समराशाहांनी, तर संवत १५८७ मध्ये चित्तोडच्या कर्माशाहांनी तो केला. दोघेही गृहस्थ श्रावक. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जुने सावरण्याचे पुण्य आठपट, ही समजूतही प्रसिद्ध आहे. नव्या शिळेवर नाव कोरून घेण्याचा मोह आजही सुटत नाही, तेव्हा ती समजूत मुद्दाम रुजवली गेली असावी.

गव्हाणच्या शेजारची उलवे, तरघर, कोंबडभुजे धरून दहा गावे नवी मुंबई विमानतळासाठी उठली. घरे दुसरीकडे उभी राहिली, ते पुनर्वसन. पण ज्या गावदेवीच्या देवळाखालची जमीनच गेली, तिच्या नव्या देवळाला काय म्हणावे? जीर्णोद्धार म्हणावे तर उचलायला जुनी भिंत नाही; नूतन म्हणावे तर देवी जुनीच. ‘स्थलांतर’ हा कचेरीतला शब्द तेवढा हाताशी उरतो.