बोललं की उमटतं, पण खोडणार कोण?

सबमिशनचा आठवडा आला की कट्टा ओस पडतो आणि सगळे लॅपटॉपला चिकटतात. पण ग्रुपमध्ये एखाद्याचा हात प्लास्टरमध्ये असतो, कुणाला रायटर्स क्रॅम्प असतो, कुणाला सेरेब्रल पाल्सीमुळे एकेक अक्षर शोधून दाबावं लागतं. अशा वेळी आपण सहज म्हणतो, ‘अरे, व्हॉइस टायपिंग वापर ना!’ सल्ला चांगलाय, पण अर्धाच. कारण यातही पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

त्यामुळे आधी विचारा, अडतं नेमकं कुठे? चार ओळी टाइप होतात, पण दहा पानं जमत नाहीत? की माऊस धरणंही कठीण आहे?

फक्त मजकूर हवाय?

मग फुकटातले पर्याय हाताशी आहेत. गुगलने २०१७मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांत व्हॉइस टायपिंग आणलं. फोनवर जीबोर्डचा माइक दाबा आणि बोला. लॅपटॉपवर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा, ‘टूल्स’मधून ‘व्हॉइस टायपिंग’ निवडा आणि भाषा मराठी करा.

गोम पुढेच आहे. डॉक्समध्ये शब्द निवडण्याच्या, खोडण्याच्या तोंडी आज्ञा फक्त इंग्रजीत चालतात. म्हणजे मराठी परिच्छेद तोंडाने लिहिला, तरी चुका सुधारायला हात लागतोच. थोडंफार टाइप करता येणाऱ्याला हे चालतं. ज्याचा हात अजिबात साथ देत नाही, त्याला नाही.

हात लावायचाच नाही?

मग सगळा कॉम्प्युटर आवाजावर चालवणारं सॉफ्टवेअर बघा. विंडोज ११ आणि अँड्रॉइडसाठी ‘व्हॉइस अ‍ॅक्सेस’ आहे, आयफोन आणि मॅकवर ‘व्हॉइस कंट्रोल’. ‘शो नंबर्स’ म्हटलं की स्क्रीनवरच्या बटणांवर आकडे दिसतात; आकडा बोलला की क्लिक! वेगळे पैसे लागत नाहीत, पण आज्ञा इंग्रजीत द्यायच्या. १९९७पासूनचं ‘ड्रॅगन’ नावाजलेलं आहे खरं, पण ते विकत घ्यावं लागतं आणि त्याला मराठी येत नाही.

ट्रायल अशी घ्या

जाहिरातीतल्या अचूकतेच्या टक्केवारीवर जाऊ नका. स्वतःच्या विषयाचं एक पान घ्या, त्यात ‘ऑस्मॉसिस’, ‘बॅलन्स शीट’ असे नेहमीचे शब्द असू द्या. बोलायला सुरुवात केल्यापासून पान सुधारून तयार होईपर्यंतचा वेळ मोजा. दोन-तीन पर्यायांत हेच करा. आणि ट्रायल ज्याला वापरायचंय त्यानेच द्यायची, मित्राने नाही! सेरेब्रल पाल्सीत काहींच्या उच्चारांवरही परिणाम होतो, त्यामुळे तुमचा आवाज ओळखणारं सॉफ्टवेअर त्याचा ओळखेलच असं नाही. होस्टेलच्या गोंगाटात तोंडाजवळ माइक असलेला हेडसेट बरा.

परीक्षेचं काय?

तिथे सॉफ्टवेअर चालेल असं गृहीत धरू नका, कॉलेजला आधीच विचारा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात लेखनिक आणि जादा वेळेची तरतूद आहे. रायटर्स क्रॅम्प असलेल्या एका यूपीएससी उमेदवाराच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २०२१मध्ये लेखनिक मिळण्याचा त्याचा हक्क मान्य केला. तेव्हा अर्ज करायला लाजू नका, आणि तो हॉल तिकीट येण्याची वाट न बघता आत्ताच करा.