मठाची रीत आणि रोमचा हुकूम

वसईच्या किल्ल्यात एकाच तटबंदीच्या आत चार वेगवेगळ्या धर्मसंघांच्या चर्चचे अवशेष आहेत: फ्रान्सिस्कनांचे, जेझुइटांचे, ऑगस्टिनियनांचे आणि डोमिनिकनांचे. छप्पर गेलेल्या या वास्तू आज पाहणाऱ्याला साधारण सारख्याच वाटतात. पण सतराव्या शतकात, पोर्तुगीज अमदानी जोरात असताना, एखादा चौकस भाविक पाळीपाळीने चारही ठिकाणी मिस्सेला गेला असता, तर डोमिनिकनांच्या वेदीपाशी तो नक्की थबकला असता. भाषा सगळीकडे लॅटिनच. मात्र बाकीचे तिघे रोमच्या पुस्तकातून मिस्सा म्हणत आणि डोमिनिकन फादर आपल्या संघाच्या पुस्तकातून.

फरक बारीक होते, पण डोळ्यांना दिसणारे होते. रोमन पद्धतीत चषकात द्राक्षरस आणि पाणी ओतले जाते ते मिस्सेच्या मध्यावर, अर्पणाच्या वेळी. डोमिनिकन धर्मगुरू साध्या मिस्सेत वेदीशी आल्या आल्या, पहिली प्रार्थना सुरू करण्यापूर्वीच, चषक तयार करून ठेवी. रोमन पद्धतीत भाकर आणि द्राक्षरस वेगवेगळे अर्पण होत. इथे दोन्ही एकत्र उचलून एकाच प्रार्थनेत अर्पण होत. पापकबुलीची प्रार्थना आखूड होती आणि तिच्यात संत डॉमिनिकचे नाव येई. भाकर आणि द्राक्षरस यांच्या अभिषेकानंतरच्या प्रार्थनेला तो दोन्ही हात आडवे पसरी, क्रुसावरच्या ख्रिस्तासारखे. संगीतातल्या घराण्यांसारखाच हा प्रकार: राग तोच, बंदिशही बहुधा तीच, पण आवाज कुठे लावायचा आणि सम कशी गाठायची हे घराण्याने ठरवायचे.

चौदा पुस्तकांचे एक पुस्तक

हे घराणे उभे राहिले तेराव्या शतकात. १२१६ साली पोपची मान्यता मिळालेला डोमिनिकन संघ हा भटक्या प्रवचनकारांचा आणि विद्यार्थ्यांचा. आज बोलोन्यात, तर पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये. युरोपात तेव्हा प्रत्येक धर्मप्रांताची प्रार्थनेची रीत थोडी थोडी वेगळी असे. एका मठातून दुसऱ्या मठात गेलेल्या संघबंधूला तिथल्या गायनवृंदात उभे राहिल्यावर कुठली चाल, कुठले स्तोत्र, केव्हा वाकायचे, काहीच धड कळेना. चार बंधूंची समिती नेमून झाली, तिने केलेल्या कामावर तक्रारी आल्या, दुरुस्त्या झाल्या. अखेर संघप्रमुख हम्बर्ट ऑफ रोमान्स यांनी सगळ्याची पुन्हा नीट मांडणी केली. १२५६ साली ती संघासाठी कायम झाली आणि १२६७ साली पोप चौथे क्लेमेंट यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

हम्बर्ट यांनी करवून घेतलेली मूळ प्रत आज रोममध्ये, सांता सबिना येथे डोमिनिकनांच्या मुख्यालयात आहे. चौदा पुस्तके एकाच जाडजूड हस्तलिखितात बांधलेली. पृष्ठे सुमारे हजार. स्तोत्रे, वाचने, मिरवणुकीची गीते, मिस्सेचे विधी, सगळे त्यात. नकला करणाऱ्यांसाठी नियमही घालून दिले होते: सुरांच्या खुणा चार ओळींवर चौकोनी काढायच्या, अक्षर किंवा सूर जाणूनबुजून बदलायचा नाही, विरामाच्या उभ्या रेघा आहेत तिथेच ठेवायच्या, ओळ संपताना पुढच्या ओळीचा पहिला सूर कुठला त्याची खूण करायची, आणि नक्कल मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावरून गायचे नाही. छपाई येण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही शिस्त. डोमिनिकन रीतीची कीर्ती तर आधीपासूनच इतकी होती की ट्यूटॉनिक सरदारांच्या लष्करी संघाने हम्बर्ट यांच्याही आधी, १२४४ साली, डोमिनिकन उपासनाविधी स्वीकारण्याची परवानगी पोपकडून मिळवली होती.

त्याच शतकात जन्मलेल्या फ्रान्सिस्कनांनी अगदी उलटा रस्ता धरला. त्यांनी स्वतःचे काही घडवले नाही. पोपच्या दरबारात चालणारी, आटोपशीर रोमन रीत उचलली आणि पायी फिरत ती युरोपभर नेली. पुढे रोमन मिस्सा म्हणून जी जगभर ओळखली गेली, तिच्या प्रसारात या अनवाणी बंधूंचा वाटा मोठा आहे.

मठांची रीत कधी बदललीच नाही, हा मात्र गोड गैरसमज. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासी शुद्ध ग्रेगोरियन गायकीच्या शोधात मेत्झ शहरी गेले, तिथली पोथी उतरवून आणली आणि तीच गाऊ लागले. पुढच्या पिढीला ती सदोष वाटली. संत बर्नार्ड यांच्या देखरेखीखाली चाली पुन्हा तपासल्या गेल्या. दहा सुरांपलीकडे जाणाऱ्या चालींना कात्री लागली, कारण स्तोत्रग्रंथात दहा तारांच्या वाद्याचा उल्लेख आहे! मुळाकडे परतण्याच्या नावाखाली नवेच काही घडवायचे, ही सुधारकांची सवय तेवढीच जुनी.

दोनशे वर्षांची अट

पहिली मोठी कसोटी आली ती ट्रेंटच्या परिषदेनंतर. प्रॉटेस्टंट बंडाने हादरलेल्या रोमला उपासनेत एकवाक्यता हवी होती. १४ जुलै १५७० रोजी पोप पाचवे पायस यांनी एकच रोमन मिस्साग्रंथ सर्वांना लागू केला. त्यातच एक पळवाटही ठेवली: ज्यांची रीत दोनशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे, त्यांनी ती चालू ठेवावी. पाचवे पायस स्वतः डोमिनिकन होते. त्यांच्या संघाची रीत तेव्हा तीनशे वर्षांची झाली होती. ती या अटीत आरामात बसली. कार्थुशियन, कार्मेलाईट, सिस्टर्शियन, नॉर्बर्टाइन यांच्या रीतींनाही तेच संरक्षण मिळाले.

संरक्षण मिळाले म्हणून सगळ्यांनी ते घेतले, असे नाही. कार्मेलाईटांची रीत जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमधून आलेली. १३१२ साली सिबर्ट डी बेका यांनी ती ग्रंथबद्ध केली होती. अविलाच्या संत तेरेजा यांच्या सुधारणेतून निघालेल्या अनवाणी कार्मेलाईटांनी १५८६ साली ती सोडली आणि रोमन रीत घेतली. कोणी सक्ती केली नव्हती. तरुण, आक्रमक, मिशनवर निघालेल्या शाखेला जुन्या मठाचे ओझे नको होते. या निर्णयाचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बाजूला करून मुंबईच्या चर्चचा कारभार सोपवला तो याच अनवाणी कार्मेलाईटांवर. जेरुसलेमची आठवण जपणारी ती मिस्सा त्यांच्याबरोबर मुंबईत आली नाही. जी आली ती रोमनच. सिस्टर्शियन आणि नॉर्बर्टाइन यांनीही सतराव्या शतकात आपली पुस्तके मोठ्या प्रमाणात रोमच्या वळणावर आणली.

परवानगी असूनही

दुसरी कसोटी १९६० च्या दशकातली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात स्पष्ट म्हटले होते की चर्चने मान्य केलेल्या सर्व रीतींचा दर्जा आणि मान सारखाच आहे आणि त्या जपल्या जाव्यात. म्हणजे कागदावर पाहिले तर मठांच्या रीतींना १५७० पेक्षाही उदार आश्रय मिळाला होता. आणि नेमक्या याच काळात त्या पटापट मावळल्या.

शिकागोजवळच्या रिव्हर फॉरेस्ट येथे १९६८ साली डोमिनिकनांची सर्वसाधारण सभा भरली. सुधारित रोमन पुस्तके येतील तशी संघाने ती स्वीकारावी, असे तिने ठरवले. १९६९ साली रोमने परवानगी दिली. जुनी रीत अगदीच बंद होऊ नये म्हणून संघप्रमुख आणि प्रांतप्रमुख यांना तिच्यासाठी मुभा देण्याचा अधिकार ठेवला. मूळच्या कार्मेलाईट शाखेनेही १९७२ साली आपली रीत सोडली. हे पाऊल अडाण्यांनी उचललेले नव्हते. परिषदेवर ज्यांच्या विचारांची छाप पडली ते इव्ह काँगार डोमिनिकनच, आणि नवी पुस्तके तयार करणाऱ्या यंत्रणेत काम केलेले उपासनाशास्त्राचे अभ्यासक पियेर-मारी जी हेही डोमिनिकन. सुधारणेचे शिल्पकार घरातलेच होते.

मग असे का झाले? एक कारण भाषेचे. मिस्सा लोकभाषेत आली. रोमन मजकुराच्या अनुवादाचा भार देशोदेशीच्या बिशपांनी उचलला. डोमिनिकनांना वेगळी रीत राखायची, तर तेच काम प्रत्येक भाषेत, मूठभर संघबंधूंसाठी पुन्हा करावे लागले असते. दुसरे कारण सहअर्पणाचे. पूर्वी मठातला प्रत्येक फादर बाजूच्या छोट्या वेदीवर आपापली मिस्सा म्हणे. परिषदेने अनेकांनी मिळून एकाच वेदीवर मिस्सा अर्पण करण्याला वाव दिला. इतरांबरोबर एकाच वेदीवर उभे राहायचे, तर रीतही एकच हवी. तिसरे आणि सगळ्यांत वजनदार कारण कामाचे. विसाव्या शतकात आयरिश डोमिनिकन नागपूरला आले आणि तिथल्या सेमिनरीत शिकवू लागले. त्यांचे विद्यार्थी धर्मप्रांताचे. उद्या ते रोमन पद्धतीनेच मिस्सा म्हणणार. जगभर डोमिनिकनांचे हेच चित्र होते: शाळा, विद्यापीठे, पॅरिश, प्रवचने. ज्या लोकांत चोवीस तास वावरायचे, त्यांच्यापेक्षा वेदीपाशी वेगळे का दिसायचे, हा प्रश्न त्यांना खरा वाटला. १२५६ साली एकसारखेपणाची गरज मठामठांत होती. १९६८ साली ती मठ आणि पॅरिश यांच्यात होती.

ज्यांनी सोडली नाही

अपवाद कार्थुशियनांचा. १०८४ साली संत ब्रुनो यांनी फ्रान्सच्या ग्रनोब्लजवळच्या डोंगरात स्थापन केलेला हा संघ. मठवासी आपापल्या कोठडीत एकटे राहतात, जेवणही खिडकीतून आत येते. मध्यरात्री उठून चर्चमध्ये जमतात आणि अंधारात दोन-तीन तास स्तोत्रे गातात, ऑर्गनविना, लॅटिनमध्ये. धर्मगुरू असलेला प्रत्येक मठवासी रोज एकांतात मिस्सा अर्पण करतो. त्यांची रीत मुख्यतः बाराव्या शतकातल्या ग्रनोब्लची. व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांनीही ती तपासली, काही नवे घेतले आणि १९८१ साली सुधारित रूप पक्के केले. पण ते स्वतःच्याच पुस्तकाचे सुधारित रूप होते.

अनुवादाची अडचण त्यांना आली नाही, कारण ऐकायला कोणी येतच नाही. पॅरिश नाही, शाळा नाही, पाहुणे नाहीत. डोमिनिकनांना जे मुद्दे टाळता आले नाहीत, ते त्यांच्या दारापर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्या चित्रीकरणाची परवानगी मागणाऱ्या फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाला होकार यायला सोळा वर्षे लागली. तेव्हा उपासनेचे पुस्तक त्यांनी घाईने बदलले नाही, यात नवल नाही.

अलीकडे जुन्या रीतींची चर्चा पुन्हा सुरू झाली. २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक दिली; २०११ साली रोमने संघांनाही १९६२ च्या आपापल्या पुस्तकांचा वापर करण्यास संमती दिली. काही डोमिनिकन तरुणांनी हम्बर्टची रीत पुन्हा शिकून घेतली. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी जुन्या मिस्सेवर निर्बंध आणल्यावर वारे पुन्हा फिरले. पण या येरझारीत एक गोष्ट नजरेआड होते. डोमिनिकनांनी मिस्सेचे पुस्तक सोडले, तरी आपल्या संतांचे सण, दिवसभराच्या प्रार्थनेची खास गीते आणि रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर मरियेचे स्तवन गात निघणारी मिरवणूक त्यांनी ठेवली. १९८० च्या दशकात त्यासाठी संघाची स्वतंत्र पुरवणीच तयार झाली. म्हणजे वेदीवरचे, लोकांसमोरचे त्यांनी सोडले; मठातले, आपसातले राखले.

चार शतकांच्या या व्यवहारात रोमचे म्हणणे फारसे बदलले नाही: जुने असेल तर ठेवा. तरी कोणी १५८६ साली सोडली, कोणी १९६८ साली, कोणी अजून सोडली नाही. परवानगीच्या कागदावर रीत तगत नाही आणि तिच्या सौंदर्यावरही नाही. ज्या दिनक्रमातून ती निपजली तो दिनक्रम चालू असेल, तर ती सुधारणा पचवूनही उभी राहते. दिनक्रमच पालटला, तर ती सोडणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. डोमिनिकन संघ जन्माला आला तो प्रवचनासाठी. लोकांना कळेल त्या रीतीने वेदीपाशी उभे राहण्याचा त्यांचा निर्णय त्या मूळ कामाला धरूनच होता. आणि कार्थुशियनांचा नकारही त्यांच्या कामाला तितकाच धरून होता.