गोसेखुर्द अकरा दिवसांत

हिशोब एका एकरापासून सुरू करू या. जुलै महिना, पवनी-लाखांदूरचा चौरास पट्टा. पऱ्हे उपटून झाले, जुड्या बांधीत फेकून झाल्या, बाया ओळीने वाकल्या. दोन ओळींत २० सेंटिमीटर, दोन चुडांत १५ सेंटिमीटर ही धानाच्या रोवणीची शिफारस. म्हणजे चौरस मीटरला ३३ चूड. एकराला किती? १ लाख ३५ हजार! दहा जणींनी दिवसभरात एकर उरकला, तर एकीच्या वाट्याला साडेतेरा हजार चूड येतात. आठ तासांचे सेकंद होतात २८,८००. भागून बघा. दर दोन सेकंदांना एक चूड, दिवसभर, कंबरेत वाकून, पायाखाली चिखल आणि पाठीवर पाऊस.

आता जिल्हा घ्या. भंडाऱ्यात खरिपाचं धान दीड लाख हेक्टरांहून अधिक जमिनीवर असतं. दीड लाखच धरू, आणि सगळीकडे याच अंतराने रोवणी झाली असं मानू. उत्तर येतं ५,००० कोटी चूड! पृथ्वीवर माणसं आहेत ८०० कोटींच्या आसपास. लहान-मोठ्या प्रत्येकाच्या हातात सहा-सहा चूड द्यायचे म्हटलं, तरी झाडीपट्टीचा हा एक जिल्हा पुरून उरेल. आणि यातला फार मोठा भाग आजही हातांनी लागतो, पावसाच्या त्या महिना-दीड महिन्यात.

हे ओझं पेलणारं शरीर आतून मोजायला घेतलं की शून्यं अपुरी पडतात.

हृदय मिनिटाला ७० ठोके देतं. दिवसाचे झाले १ लाख ८००. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर आणि वर्षाला २६ लाख लिटरच्या वर. वीस फूट रुंदीची गोल विहीर डोळ्यांसमोर आणा, तिच्यात वीस फूट पाणी. अशा जवळजवळ पंधरा विहिरी एका वर्षात उपसणारा हा पंप आपल्या मुठीएवढा आहे आणि बाहेरच्या यंत्राचा आधार नसेल तर तो दुरुस्तीला बंद ठेवता येत नाही!

आणि हे विश्रांतीचे आकडे. जोराचा व्यायाम सुरू झाला की ५ लिटरचे २० लिटर होतात. पाण्याचा तो निळा जार असतो ना, तेवढं रक्त दर मिनिटाला हृदयातून जातं. बसलेलं असताना स्नायूंकडे जेमतेम लिटरभर रक्त वळतं, पळताना २० पैकी १६ लिटर तिकडे धावतं. सोळा पट! मुरलेल्या धावपटूंचं हृदय तर मिनिटाला ३५ ते ४० लिटरांपर्यंत जातं. दोन जार, एक मिनिट.

पहाटे भंडाऱ्याच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८००. पळताना प्रत्येक पावलाला जमीन शरीराच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत उलटा दणका देते. ६० किलोच्या मुलाला १५० किलोचा! पाऊल सव्वा मीटरच्या आसपास पडलं तर १,६०० मीटरला १,३०० पावलं. बेरीज करा, १९५ टन. रेल्वेचे जवळजवळ पाच रिकामे डबे त्या दोन गुडघ्यांनी सहा-सात मिनिटांत झेलले. तेही नाश्त्याच्या आधी! आणि हाडांचं नवल असं की हा मार बेताबेताने वाढत गेला, तर ती त्यानेच घट्ट होतात.

त्या पोरांपैकी दोघांचं रक्त घेऊ या. एकाच्या अंगात ५ लिटर रक्त, त्यात तांबड्या पेशी २५ लाख कोटी. पेशीला एक रुपया लावला तर दोघांचे मिळून ५० लाख कोटी रुपये. भारत सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा आहे! एका पेशीची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजली तर साडेसात भाग भरते. एकाच्या पेशी ओळीने मांडल्या तर १ लाख ८७ हजार किलोमीटर होतात, म्हणजे मुंबई-पुणे साडेबाराशे वेळा. दोघांच्या जोडल्या की ३ लाख ७५ हजार. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या टप्प्यात असेल त्या रात्री ही माळ थेट चंद्राला टेकते, वर शिल्लकही राहते!

पेशी जगते १२० दिवस. म्हणून सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या होती १२ लाख ३३४. दर सेकंदाला दोन भंडारा जिल्हे, हाडांच्या मगजात! नियमित व्यायाम सुरू केला की काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग वाढतो, मागून काही आठवड्यांत तांबड्या पेशीही वाढतात. रोवणीच्या पहिल्या दिवसांत दम लागतो आणि पुढे तेच काम अंगवळणी पडतं, त्यात या वाढलेल्या रक्ताचाही वाटा आहे.

रक्त वाढलं तर वाटा नकोत? केशवाहिन्यांच्या कामासाठी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांना १९२० चं नोबेल मिळालं. त्यांच्या अंदाजावरून आपल्या रक्तवाहिन्यांची लांबी १ लाख किलोमीटर सांगितली जाते. अलीकडच्या गणिताने ती ९ ते १९ हजारांवर आणली आहे. चालेल, सगळ्यात लहान आकडा घेऊ. ९,००० किलोमीटर म्हणजे मुंबई-पुणे साठ वेळा, एका अंगात! १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ आठवडे सायकल चालवल्यावर मांडीच्या स्नायूतल्या केशवाहिन्या २० टक्क्यांनी दाटल्या. सगळ्या अंगाला तोच हिशोब लावून बघितला तर १,८०० किलोमीटर नव्या वाटा होतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तसे अडीच महामार्ग, दोन महिन्यांत, कातडीच्या आत!

हे सगळं चालतं एटीपी या इंधनावर. एका वेळी अंगात ते असतं फक्त १०० ग्रॅमच्या आसपास. तेच पुन्हा पुन्हा जळतं, पुन्हा पुन्हा भरलं जातं. नुसतं बसून राहिलेला माणूस दिवसाला ४० किलो एटीपी फिरवतो. खरेदी केंद्रावर मोजला जाणारा धानाचा एक कट्टा! दोन तास पळालात तर वर आणखी दीड कट्टा. जिल्ह्यातल्या १२ लाख लोकांना मोठ्या माणसाचाच हिशोब लावला तर रोजचे ४८,००० टन. धान्याच्या एका मालगाडीत साधारण २,६०० टन मावतात. म्हणजे वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून रोज अठरा मालगाड्या सोडाव्या लागतील, कुणी बोटही न हलवता!

आणि खरंच कुणी बोट हलवलं नाही तर? १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. त्यांची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची ताकद २७ टक्क्यांनी घसरली. आठ आठवड्यांच्या कसून व्यायामाने ती मूळच्याही वर गेली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढी ताकद नेली, त्याहून अधिक त्या २१ दिवसांच्या पलंगाने नेली होती. पलंगावरचा एक दिवस दीड वर्षाच्या भावाने पडला! या सगळ्या आकड्यांत मला धडकी भरवणारा हा एकच.

उलट बाजू बघा. नियमित पळणाऱ्याचे ठोके ७० वरून ५५ वर आले तर दिवसाला २१,६०० ठोके वाचले, वर्षाला जवळजवळ ७९ लाख. रक्त तेवढंच, खेपा कमी, कारण प्रत्येक ठोका आता अधिक भरून जातो.

आता शेवटचा हिशोब, आणि तो वैनगंगेवर करू. पवनी तालुक्यातलं गोसेखुर्द, ३३ दरवाजांचं धरण, १९८८ मध्ये पायाभरणी झालेलं. उपयुक्त साठा सुमारे ७४० दशलक्ष घनमीटर. जिल्ह्यातली बारा लाख हृदयं त्या पाण्याला लावली तर? सगळे नुसते बसून असतील तर ८६ दिवस. सगळे उठून पळायला लागले, मिनिटाला २० लिटर, तर २१ दिवस. आणि सगळ्यांची हृदयं मुरलेल्या धावपटूंसारखी ४० लिटरची झाली तर? अकरा दिवसांच्या आत उपयुक्त साठा शून्य!