नमुना कधी घेतला?

पेयात गुंगीचं औषध मिसळून होणारे गुन्हे जुनेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॉर्मन चेव्हर्स यांनी बंगालसाठी लिहिलेल्या न्यायवैद्यकाच्या ग्रंथात वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्यांची प्रकरणं आहेत. अनोळखी माणसाकडून चहा-बिस्किटं घेऊ नका, हे आपल्या रेल्वेत आजही सांगावं लागतं. लुटलेल्या प्रवाशाला निदान रिकामं पाकीट दाखवता येतं. ज्या बाईला आदल्या रात्रीचं काहीच आठवत नाही, तिचा पुरावा तिच्या रक्तात आणि लघवीत असतो, आणि तो तासातासाला कमी होत जातो. हा पुरावा वेळेत पकडण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुरू होऊन आता तीस वर्षं होत आली.

सुरुवात अमेरिकेतली. रॉश कंपनीच्या रोहिप्नॉल या झोपेच्या गोळीला तिथे विक्रीची परवानगी नव्हती, तरी ती चोरट्या मार्गानं येत होती आणि बारमध्ये पेल्यात पडत होती. १९९६ मध्ये कायदा झाला. एखाद्याला नकळत असं औषध देऊन हिंसक गुन्हा करू पाहणाऱ्याला २० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. कंपनीनंही गोळीची घडण बदलली, पेयात पडली की निळा रंग सुटेल अशी. २००० मध्ये जीएचबी हे गुंगी आणणारं दुसरं द्रव्य अमेरिकेनं अमली पदार्थांच्या सर्वांत कडक यादीत टाकलं. ही कायद्याची बाजू झाली.

प्रयोगशाळेची बाजू वेगळंच सांगत होती. महमूद एलसोहली आणि साल्व्हातोर सालामोने यांनी १९९९ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींत ४९ राज्यांतून आलेल्या लघवीच्या १,१७९ नमुन्यांचे निष्कर्ष छापले. ४६८ नमुन्यांत काहीच सापडलं नाही. ४५१ नमुन्यांत दारू होती. जीएचबी ४८ नमुन्यांत. ब्रिटनमध्ये फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिसच्या दोन शास्त्रज्ञांनी २००० ते २००२ या काळातली अशीच १,०१४ प्रकरणं तपासून २००५ मध्ये अहवाल दिला. तिथेही दारूच आघाडीवर, ४७० प्रकरणांत. तक्रारदारानं स्वतः घेतलेलं नाही आणि कुणीतरी मुद्दाम दिलेलं असू शकतं, असं औषध फक्त २१ प्रकरणांत, म्हणजे २ टक्के.

या २ टक्क्यांनी पुढची कित्येक वर्षं फार नुकसान केलं. पेयात औषध मिसळण्याची भीती ही अफवाच, पोरी जास्त पितात आणि मग बोलतात, असा अर्थ त्यातून काढणं सोपं होतं, आणि तो काढला गेला. खरं तर या आकड्यांनी दोन गोष्टी दाखवल्या होत्या. एक म्हणजे बेसावध माणसाला जास्तीची दारू पाजणं हेच सर्वांत सोपं हत्यार आहे. दुसरी म्हणजे जे वेळेत शोधलं नाही, ते सापडत नाही. ही दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

जीएचबीचंच घ्या. रंग नाही, चव किंचित खारट. रक्तातलं त्याचं प्रमाण तासाभराच्या आत निम्म्यावर येतं. साधारण आठ तासांनी ते रक्तात सापडत नाही, बारा तासांनी लघवीतही नाही. शिवाय आपलं शरीर हे द्रव्य स्वतःही थोडं तयार करतं, म्हणून लघवीत लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळलं तरच ते बाहेरून आलं असं धरायची पद्धत रूढ झाली. आता अशा एखाद्या बाईची सकाळ डोळ्यांसमोर आणा. दहाला जाग येते, अंग जड, कपडे विस्कटलेले. काय झालं ते उमजेपर्यंत दुपार. मैत्रिणीला सांगेपर्यंत संध्याकाळ. पोलीस ठाण्याची पायरी चढेपर्यंत दुसरा दिवस. दरम्यान ती चार वेळा लघवीला जाऊन आलेली असते. मग अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो, आणि पुढे न्यायालयात तोच कागद तिच्याविरुद्ध वापरला जातो.

रुग्णालयातल्या झटपट तपासणीनंही फसगत केली. आपत्कालीन कक्षातल्या साध्या चाचण्या नेहमीच्या नशेच्या पदार्थांसाठी बेतलेल्या असतात. जीएचबी त्यांना दिसत नाही, केटामाइन बहुधा दिसत नाही, आणि लोराझेपाम किंवा क्लोनाझेपामचा एखादाच डोस त्यांच्यातून सहज निसटतो. २००० नंतर मास स्पेक्ट्रोमेट्रीची यंत्रं इतकी तल्लख झाली की रोहिप्नॉलचे अवशेष लघवीत तीन दिवसांनंतरही ओळखता येऊ लागले. लघवीचा नमुना पाच दिवसांपर्यंत घ्यावा, अशी शिफारस पुढे आली आणि २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयानं अशा तपासण्यांसाठी मार्गदर्शिका काढली. फ्रान्समध्ये पास्कल किंत्झ यांनी केसांचा मार्ग दाखवला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. घटनेनंतर चार-सहा आठवडे थांबून टाळूलगत बट कापायची आणि तिचे तुकडे वेगवेगळे तपासायचे. औषध एकाच तुकड्यात सापडलं तर ते एकदाच दिलं गेलं, हे सांगता येतं. उशिरा आलेल्यांना त्यामुळे पहिल्यांदा काही आशा मिळाली.

तरीही गेल्या दशकातली दोन सर्वांत मोठी प्रकरणं प्रयोगशाळेनं उघडकीला आणलेली नाहीत. मँचेस्टरमध्ये जून २०१७ मध्ये पकडलेल्या राइनहार्ड सिनागाला ४८ पुरुषांवरच्या १५९ लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यानं जीएचबीसारखं औषध वापरलं असा पोलिसांचा कयास. पोलीस दारात येईपर्यंत त्यातल्या बहुतेकांना आपल्यावर काय झालं ते माहीतच नव्हतं. ते कळलं त्यानंच फोनवर केलेल्या चित्रीकरणातून. फ्रान्समध्ये जिझेल पेलिको यांना नवरा जवळपास दहा वर्षं लोराझेपाम देऊन परक्या पुरुषांकडून त्यांच्यावर अत्याचार करवत होता. आपल्याकडे अ‍ॅटिव्हान नावानं मिळतं तेच औषध. स्मृती हरवते म्हणून त्या डॉक्टरांकडे जात होत्या, मेंदूचा आजार असेल या भीतीनं तपासण्या करून घेत होत्या. औषधांसाठी तपासून पाहू, हे कुणाला सुचलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये नवरा सुपरमार्केटमध्ये बायकांचं चोरून चित्रीकरण करताना सापडला, आणि त्याच्या संगणकातून सगळं बाहेर आलं. डिसेंबर २०२४ मध्ये आव्हिन्योंच्या न्यायालयानं ५१ जणांना दोषी ठरवलं.

याच्या शेजारी फ्रेंच खासदार सांद्रिन जोसो यांचं प्रकरण ठेवून पाहावं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका सिनेटरच्या घरी शॅम्पेन प्यायल्यावर त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. त्या तिथून निघाल्या, त्याच रात्री रुग्णालयात पोचल्या, आणि तपासणीत एमडीएमए हा नशेचा पदार्थ सापडला. दोघी एकाच देशातल्या. एकीचा नमुना काही तासांत घेतला गेला, दुसरीचा दहा वर्षांत नाही. मे २०२५ मध्ये जोसो आणि सिनेटर व्हेरोनिक गियोताँ यांनी सरकारला ५० शिफारशींचा अहवाल दिला. त्याआधीच त्या वर्षीच्या सामाजिक सुरक्षेच्या अर्थसंकल्पात एक प्रयोग मंजूर झाला होता: पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी या तपासणीचा खर्च काही प्रांतांत सरकारी विम्यातून द्यायचा. नव्या यंत्रापेक्षाही हे पाऊल मला मोठं वाटतं. आधी नमुना द्या, तक्रारीचं नंतर ठरवा, असं सांगितलं तरच बारा तासांच्या आत कुणी येईल.

आपल्याकडे नियम फारसे मागे नाहीत. मुंबईतल्या ‘सेहत’ संस्थेनं १९९०च्या दशकाच्या अखेरीसच अत्याचारानंतरच्या तपासणीसाठी पुरावासंच तयार केला. पोलिसांचं पत्र नाही म्हणून डॉक्टरनं तपासणी नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये सांगितलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत नशेच्या द्रव्यांसाठी रक्त आणि लघवी घेण्याची सोय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये गुन्ह्याच्या हेतूनं गुंगीचं औषध देणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अडतं ते रुग्णालयाच्या खोलीत. वीर्य आणि डीएनएसाठीचे स्वॅब आठवणीनं घेतले जातात, लघवीची बाटली राहून जाते. घेतलेल्या रक्तात ते टिकवणारं सोडियम फ्लोराइड हवं, नमुना फ्रिजमध्ये हवा, कारण साठवणीत जीएचबीचं प्रमाण आपोआप वाढू शकतं आणि मग आरोपीच्या वकिलाला मुद्दा मिळतो. प्रयोगशाळेला लिहायच्या पत्रात ‘गुंगीच्या औषधांसाठी तपासावे’ असं स्पष्ट लिहायला हवं, नाहीतर रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात (सीए रिपोर्टमध्ये) दारूचं प्रमाण तेवढं येतं आणि बाकीचं कुणी शोधलंच नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. घटना किती वाजता घडली, नमुना किती वाजता घेतला, मधल्या काळात किती वेळा लघवी झाली, या तीन नोंदी अहवालात निकालाच्या शेजारीच छापून यायला हव्यात, म्हणजे ‘निगेटिव्ह’ वाचणाऱ्या न्यायाधीशाला त्या निकालाचं वजन ठरवता येईल.